टाकीची गुडगुड

दार उघडलं तेव्हा तो पायपुसण्यावर उभा होता आणि त्याच्या टोपीतून पाणी गळत होतं. जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या एम्डेनला नोव्हेंबरात आकाश नसतंच. वर नुसता ओला करडा बोळा असतो, आणि त्या दिवशी कुणीतरी तो पिळत होतं.

"मॉइन," त्याने इकडच्या पद्धतीने नमस्कार केला. "मी ओन्नो. टाकी बघायला आलोय. विकायची आहे, ती जाहिरात तुमचीच ना?"

"आईची," मी म्हणाले. "माझी नाही."

मी जरा फटकूनच बोलले असणार, कारण बूट काढता काढता त्याने वर पाहिलं. पापण्यांवर पावसाचे थेंब अडकले होते. मला त्याला हाकलून द्यायचं होतं... आणि मी पापण्या बघत बसले होते.

बाबा ऑगस्टमध्ये गेले. बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीचं इंजिन सांभाळायचे. त्यांच्यामागे घरात त्यांचं म्हणून जिवंत असं एकच उरलं होतं – बैठकीतली खाऱ्या पाण्याची टाकी. प्रवाळ, काचेवरच्या गोगलगायी, केशरी पट्ट्यांचे दोन मासे आणि एक चिडका खेकडा. टाकीतलं पाणी कोपऱ्यातल्या पाइपने खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत उतरायचं, तिथे गाळलं जायचं आणि पंप ते परत वर चढवायचा. उतरताना पाइपमध्ये हवा शिरायची आणि अखंड गुडगुड चालायची, कुणी बशीतला चहा भुरके मारत प्यावा तशी.

आईने निक्षून सांगितलं होतं. नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी ॲडव्हेंटची पहिली मेणबत्ती लागते, तोपर्यंत टाकी गप्प झाली तर राहील, नाहीतर येईल त्या गिऱ्हाइकाबरोबर जाईल. आणि टाकी गेली की बाबा पुन्हा एकदा जाणार, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

ओन्नो टाकीपुढे गुडघे टेकून बसला. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने कोपऱ्यातल्या पाइपमध्ये बोटं घातली आणि एक काळपट चिंधी बाहेर ओढली.

"हा... पायमोजा आहे?"

"आवाज कमी व्हावा म्हणून. बाबांचा उपाय."

"हा पुरता अडकला असता ना, तर टाकी भरून वाहिली असती! खालच्या घरात पाऊस पडला असता."

"खाली दंतवैद्य राहतात. त्यांनी नळी लावून ओढून घेतलं असतं."

तो हसला. खळखळून, मान मागे टाकून. त्या खोलीत ऑगस्टनंतर कुणी हसलंच नव्हतं. मला एकदम अपराधी वाटलं, आणि बरंही वाटलं.

"ही गप्प करता येईल?" मी विचारलं.

"येईल की. टाकीला दोन भोकं आहेत, एकातून पाणी उतरतं, दुसऱ्यातून पंपाचं वर येतं. पंपाचं पाणी काठावरून आत सोडायचं, म्हणजे दोन्ही भोकं उतरायला मोकळी. एका पाइपला खाली व्हॉल्व्ह लावून तो काठोकाठ भरलेला ठेवायचा. हवा नाही, तर आवाज नाही. दुसरा थोडा उंच, कोरडा. पहिल्यात गोगलगाय अडकलीच तर सगळं पाणी दुसऱ्याने घ्यायचं."

"मग कराल?"

"करेन... पण गप्प झाली तर तुम्ही विकणार नाही."

"नाही."

"म्हणजे मी माझ्याच हाताने माझ्या पायावर–"

"हो. चहा घेणार?"

आमच्याकडे पाहुणा कपात चमचा ठेवत नाही तोवर घरची बाई चहा ओतत राहते. ओन्नोने त्या दिवशी चमचा ठेवलाच नाही. आईने दोनदा किटली भरली आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे बघितलं.

तो दर शनिवारी येऊ लागला. एकदा मापं घेतली, एकदा पाइप चिकटवले. मी कपाटात टॉर्च धरून बसायचे आणि आम्ही उगाचच बोलत राहायचो.

"तुम्ही काय करता?"

"लोकांना श्रवणयंत्रं बसवते."

"म्हणजे कुणाचंही ऐकून घ्यायची सवय आहे."

"पैसे घेऊन."

"मग माझं बिल बरंच झालं असेल..."

एका शनिवारी आम्ही चाचणी घेतली. त्याने पंपाची पिन काढली. वरचं पाणी सरसर खाली आलं आणि खालच्या टाकीच्या काठाच्या बोटभर अलीकडे थांबलं. मग पंप चालू करून व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला. वर पाणी चढलं... चढलं... आणि दुसऱ्या, कोरड्या पाइपमध्ये धबधब कोसळलं. आम्ही दोघं गालिच्यावर पालथे पडून जमीन ओली होतेय का बघत होतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता. दोघांपैकी कुणीच तो बाजूला घेतला नाही.

"एक थेंब नाही," तो कुजबुजला.

"कुजबुजतोस कशाला?"

"मासे झोपले असतील."

"भरदुपारी?"

"तू मला 'तोस' म्हणालीस," तो म्हणाला, आणि मी टॉर्च त्याच्या डोळ्यांवर मारला.

टाकी आता सुरक्षित होती, पण गुडगुड काही थांबेना. पाण्याला बसायला वेळ लागतो, तो म्हणायचा. पुढच्या शनिवारी बघू. आई कानात कापूस घालून झोपायची आणि सकाळी तिचे डोळे आणखी खोल गेलेले असायचे. मी मात्र सोमवारपासूनच शनिवारची वाट बघायचे.

दुसऱ्या दिवशी मेणबत्ती लागायची होती, त्या शनिवारी मी स्वयंपाकघरात होते. कपांत खडीसाखर टाकली, वरून चहा ओतला. खडा तडकला आणि तो तड् आवाज मला इतका स्वच्छ ऐकू आला की हातातली किटली तशीच राहिली. घरात दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

आणि मग बैठकीत पुन्हा सुरू झालं – गुड... गुडगुड...

मी ट्रे घेऊन धावत गेले. ओन्नो कपाटात वाकला होता आणि त्याचा हात व्हॉल्व्हवर होता.

"आत्ता बंद झाली होती."

त्याने व्हॉल्व्हवरचा हात काढला.

"ओन्नो, आत्ता बंद झाली होती!"

"हो. मीच पुन्हा थोडा उघडला."

"टाकी हवी म्हणून?"

"टाकी कुणाला हवीय आता..." त्याचे कान लाल झाले होते. "मागच्या शनिवारीच गप्प झाली होती ती. पण मग आज मी कुठल्या तोंडाने आलो असतो? तू बोलावलं असतंस?"

हेच तर मला ऐकायचं होतं. आणि आता ते आलं, तर त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

"आई झोपत नाहीये, ओन्नो. उद्या टाकी जाणार होती."

"जाऊ दिली नसती. आज निघताना मी–"

"तू ठरवणार?" मी विचारलं.

दारात आई उभी होती. ती आत आली, माझ्या हातातल्या ट्रेवरचा चमचा उचलून तिने ओन्नोच्या भरलेल्या कपात ठेवला. किण्ण आवाज झाला.

"बंद करा ते," ती म्हणाली.

त्याने व्हॉल्व्ह फिरवला. गुडगुड बारीक झाली, मग नुसती सुरसुर, मग तीही नाही. खिडकीवरचा पाऊस ऐकू येऊ लागला.

"एवढंच?" आईने विचारलं.

"हो, फ्राउ ओल्टमान्स."

"एवढंसं फिरवायचं होतं? आणि मी इतकी वर्षं कापूस कोंबून झोपले! तुझा बाप दर शनिवारी म्हणायचा, 'पुढच्या शनिवारी करतो, गेझिने.' गाढव! पायमोजे कोंबायचा नुसता! अरे, दोन पाइप तर लावायचे होते तुला–"

ती बाबांच्या खुर्चीकडे वळून बोलत होती. बोलता बोलता थांबली. ते काहीतरी फालतू कारण सांगतील, म्हणून थांबली.

"तो नाहीच गं, इमके," ती म्हणाली.

दफनाच्या दिवशी आई रडली नव्हती. ती त्या दिवशी रडली, टाकीपुढे, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. मासे आपले फिरत होते, खेकडा दगडाखाली चिडून बसला होता. बाबा मात्र त्यात कुठेच नव्हते. इतके दिवस मी काय सांभाळत होते, ते मला तेव्हा कळलं, आणि मग मीही रडले.

पुष्कळ वेळाने आईने नाक पुसलं. "राहू दे टाकी," ती म्हणाली. "हवी तर तू सांभाळ."

ओन्नो केव्हाच निघून गेला होता. मी जिना उतरून खाली गेले. तो दाराबाहेर सायकल धरून भिजत उभा होता.

"टाकी राहतेय," मी म्हणाले.

"बरं झालं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "माझं चुकलं, इमके."

"चुकलंच."

"मला तू आवडतेस. हे पहिल्याच दिवशी सरळ सांगायला हवं होतं. पण तुमच्या घरात इतकं दुःख होतं, की वाटलं... हातात काहीतरी काम असल्याशिवाय आत कसं यायचं?"

मला अजून राग होता. वर आई एकटी होती. पावसात त्याचे केस कपाळाला चिकटले होते आणि ते मागे सारावेत म्हणून माझा हात उचलला जात होता. मी तो खिशात घातला.

"शनिवारी ये," मी म्हणाले.

"काय करायला? आता सगळं झालंय."

"म्हणूनच. पाना-बिना काही आणू नकोस. नुसता ये."