खोडलेली सोबत

काम साधं होतं. दफनभूमीच्या कार्यालयात जायचं, एक जुनी नोंद शोधायची, उतारा घ्यायचा आणि जेवायच्या वेळेला घरी परतायचं. सांगते, पण मध्येच "पुढे काय झालं" म्हणून घाई करू नकोस. घाई मी करून चुकले आहे.

मी आईची एकुलती एक मुलगी. तरी आई मला लहानपणापासून 'धाकटी' म्हणायची. "धाकटे, दार लाव गं." लोक हसायचे, मीही हसायचे. मग डॉक्टरांनी आईच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख दिली आणि त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तुझ्याआधी एक होती. रडलीच नाही. मला दाखवलीसुद्धा नाही. म्हणाले, बघू नका, उगाच त्रास होईल."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कुठे ठेवली, तेवढं शोधशील? ऑपरेशनच्या आधी कळलं तर बरं... एकटीच होती का गं ती?"

माझं डोकंच फिरलं. काकांनी मोठ्या हौसेने केलेल्या आमच्या वंशावळीत घरच्या कुत्र्यालाही एक चौकट होती. तिला नव्हती. हॉस्पिटलच्या कागदावर तारीख आणि 'मृत जन्म, स्त्री' एवढंच. मी ठरवलं, हिची नोंद व्हायलाच हवी. नावासकट.

कार्यालयात ओल्या कागदाचा आणि डिंकाचा वास होता. कारकूनबाई टेबलाखाली हात ठेवून स्वेटर विणत होत्या. आईच्या नावाने काही सापडेना, म्हणून मी त्या तारखेची सगळीच दफनं वाचायला घेतली. एका म्हातारीच्या नोंदीशेजारी, समासात, बारीक अक्षरात एकच शब्द होता: सोबत.

"सोबत म्हणजे? कुणाची?"

कारकूनबाईंनी चष्मा वर केला. "जुनी पद्धत. हॉस्पिटलातून असं मूल आलं की वेगळा खड्डा खणत नसत. त्या दिवशी ज्या कुणा मोठ्या माणसाला पुरायचं असेल, त्याच्या पेटीत ठेवायचे. कुशीत."

"घरच्यांना विचारून?"

"कुणाच्या घरच्यांना?"

त्या चेष्टा करत नव्हत्या. खिडकीबाहेर कुणीतरी फावड्याने माती ओढत होतं. तेवढाच आवाज. त्या तारखेला वहीत दुसरा 'सोबत' कुठेच नव्हता. ती तीच.

"मला तिची स्वतंत्र नोंद हवी," मी म्हणाले.

"करता येईल. पण मग इथला 'सोबत' खोडावा लागेल. एक माणूस दोन ठिकाणी कसं दाखवू?"

"खोडा."

"आईला विचारलंत का?"

"आईसाठीच चाललंय हे सगळं! खोडा तुम्ही."

त्यांनी पट्टी धरून रेघ मारली. तो मंगळवार होता. नाव मी ठेवलं, माझ्या मनाने. कबरीवर नावाची पाटी लागली की मगच आईला दाखवायची, असा माझा बेत.

पाटी लावायची तर कबरीच्या मालकाची सही लागते. म्हणून शुक्रवारी मी त्या म्हातारीच्या मुलीचा पत्ता काढला. ती शिवणकाम करायची. खोलीभर कापडाचे तुकडे, गरम इस्त्रीचा वास. तिच्या दंडावर टाचण्यांची उशी बांधलेली होती. मी सगळं सांगितलं तशी तिचा पाय मशीनवर थांबला.

"मुलगी होती?" तिने विचारलं.

"हो."

"आई माझ्या स्वप्नात येते. ती गेली तेव्हापासून येते. आधी तिच्या खांद्यावर एक तान्हं असायचं. मग बोट धरून चालायला लागलं. आता तर पोरगी उंचीने आईच्या डोक्याच्या वर गेली होती." ती हसली. "मला वाटायचं, मला मूल नाही, म्हणून माझंच मन खेळ करतंय."

तरी मी सहीचा कागद पुढे केला.

तिने तो बघितलाही नाही. "ताई, तुम्ही तिला नेलंत का कुठे?"

"नाही हो. कागदावर फक्त... वेगळी केली."

"कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारपासून आई एकटीच येते," ती हळू आवाजात म्हणाली. "बोलत नाही. दाराआड बघते, कपाटात बघते. काल माझ्या या कापडांच्या ढिगाखाली बघत होती..."

मी तशीच उठले. पाटी नको, नाव नको, सोमवारी कार्यालय उघडलं की तो शब्द परत लिहून घ्यायचा, असं मनाशी म्हणत घरी पोचले. दिवेलागणीची वेळ होती. घरात दिवा नव्हता. आई पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"आई, आत सरक. पडशील."

"हळू बोल."

मी पलंगाशी बसले. तिला जे हवं होतं ते माझ्याजवळ होतं, तेवढं तरी द्यावं म्हटलं. "आई, ती एकटी नव्हती. एका आजींच्या कुशीत होती. त्यांनी तिला लहानाची मोठी केली."

"माहीत आहे," आई म्हणाली. "सांगितलं तिने."

इतकं निवांत बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं.

"आई... मी सोमवारी तिला परत आजींकडे... त्या शोधतायत तिला."

"शोधू दे." आईने भिंतीकडच्या रिकाम्या जागेवर पांघरूण वर ओढलं. "मीही पुष्कळ शोधलं."

त्या बाजूला दुसरी उशी होती. तिच्यावर कुणी नव्हतं, पण मधोमध खोलगट खळगा पडलेला होता. मी बघत असतानाच तो सावकाश भरत वर आला, माझा आवाज ऐकून कुणीतरी मान उचलावी तसा.