लाकडाला ऐकू येतं

"पहिलं मेंडोलिन घेताना रंगाला भुलू नका, बाई. मान बघा," मेहबूबचाचांनी भिंतीवरचं तपकिरी मेंडोलिन काढून कालिंदीपुढे धरलं. "जुनं आहे. कुणाच्या माळ्यावर पडून होतं, परवाच आलं. लाकूड मुरलंय."

"ते नको," तिच्यासोबत आलेले निरंजन सर घाईनं म्हणाले. "त्याची मान गेलीय."

चाचांना झोंबलं. मिरजेत तीन पिढ्यांचं दुकान, आणि हे मास्तर त्यांना वाद्याची मान शिकवणार! त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. मान सुतासारखी सरळ होती. "काष्ठकर्ण लावतो. लाकूडच सांगंल काय ते."

काष्ठकर्ण बाजारात येऊन दोनच वर्षं झाली होती. आवाजानं लाकडाचे तंतू किंचित सरकतात. ते सरकणं वाचून हे यंत्र जुने आवाज परत ऐकवतं. आवाज जेवढा मोठा, तेवढा त्याचा माग खोल. वाद्य आधी कसं वाजलंय ते नवशिक्याला कळावं, म्हणून चाचा ते वापरत. बरेच दिवस न वाजलेल्या वाद्याची तार नव्यानं छेडली की मात्र जुनं सगळं पुसलं जाई. म्हणून ऐकवल्याशिवाय ते कुणाला तारेला हात लावू देत नसत.

कालिंदी चाळिशीत शिकायला निघाली होती ती धाकट्या बहिणीच्या, रेवतीच्या आठवणीसाठी. तीही सरांचीच विद्यार्थिनी होती. आठ वर्षांपूर्वी ती क्लासहून घरी आलीच नाही. कुणाबरोबर तरी पळून गेली, असं सरांनीच पोलिसांना सांगितलं होतं.

चाचांनी मेंडोलिन टेबलावर ठेवून यंत्राची चकती चिकटवली. आधी एक संथ धून आली. मग मुलीचा आवाज. "सर, सोडा मला! ताई वाट बघतेय!" दणका. किंकाळी. पुन्हा दणका. आणि धापा टाकत सर, "ओरडू नकोस."

"ही माझी रेवती," कालिंदी कशीबशी म्हणाली.

सरांनी मेंडोलिन हिसकावून फरशीवर आपटायला उगारलं, आणि त्यांचा हात अडला. वाद्य मोडायचं पाप त्यांच्यानं तेव्हाही झालं नव्हतं. म्हणून तर त्यांनी ते जाळण्याऐवजी दूरगावी विकलं होतं. आताही त्यांनी ते अलगद टेबलावर ठेवलं आणि कालिंदीचा गळा धरला.

मधे पडलेल्या चाचांचं डोकं त्यांनी दाराच्या चौकटीवर आदळलं. कालिंदीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चाचपडणाऱ्या हाताला चाचांची ठोकायची लाकडी मोगरी लागली. पहिल्या घावात सरांची पकड सुटली, दुसऱ्यात ते गुडघ्यावर आले.

ती थांबली तेव्हा सर हलत नव्हते.

कपाळाला फडकं दाबून चाचा उठले. त्यांनी काष्ठकर्ण पुन्हा सुरू केला. रेवतीच्या किंकाळीनंतर आता सरांची विनवणी होती, "हात जोडतो, मारू नका!" आणि त्यानंतर सात घाव. कालिंदीनं ते मोजले. मारताना मोजले नव्हते.

"एक ठेवून दुसरं पुसता येत नाही, पोरी, आणि नक्कल कोर्टात चालत नाही," चाचा म्हणाले. फोन त्यांच्या हातात होता. "काय करू, सांग."

तार छेडून सारं पुसलं असतं, तर गळ्यावरचे वळ आणि चाचांची साक्ष, तेवढ्यावर ती सुटली असती. रेवती मात्र पळून गेलेलीच राहिली असती.

कालिंदीनं मेंडोलिन मांडीवर घेतलं. तिला वाजवता येत नव्हतं, पण पुसायला वाजवता यावं लागत नाही. बोट तारेपाशी आलं. रेवतीचा शेवटचा आवाज असलेल्या लाकडावर तिनं आपला पहिला सूर छेडावा का?