लवणात तंबू नको!

"थू थू थू! खारट! काका, तंबू इथे नाही ठोकायचा!"

चेतना गुडघ्यांवर बसून चक्क जमीन चाटत होती. तिच्या मागे मराठी मंडळाची अख्खी पलटण तंबू, पातेली आणि वळकट्या सांभाळत ताटकळत उभी होती. समोर सपाट, मऊ, हिरवंगार गवत! गुडगावच्या पुढे, अरवलीच्या टेकड्यांत हे कॅम्पिंग ग्राउंड नुकतंच सुरू झालं होतं आणि त्यातली सगळ्यात झकास जागा रिकामी पडली होती. अशा जागेला कुणी नाक मुरडेल का? चेतनाने मुरडलं.

"अगं, खारट तर खारट!" दामूकाका म्हणाले. "आपण तंबू ठोकतोय, लोणचं घालत नाही आहोत!"

सगळे खो खो हसले. चेतनाची आई तेवढी हसली नाही. "आधी चूळ भर," ती म्हणाली. "सातवीत गेलीस आणि माती खातेस!"

चेतना हटली नाही. निघताना आजोबा जे ओरडले होते, ते अजून तिच्या कानात घुमत होतं. आजोबा, म्हणजे अण्णासाहेब, जालन्याहून पहिल्यांदाच दिल्लीला राहायला आले होते. दसऱ्याच्या सुट्टीत मंडळाचा कॅम्प निघाला. ते आणि बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागून येणार होते. मेटाडोर सुरू झाली तसे आजोबा सरकारी क्वार्टरच्या गॅलरीतून हात उंचावून ओरडले, "चेतना, लवणात तंबू ठोकू नकोस गं! काही झालं तरी लवणात नाही!"

आता दिल्लीत जन्मलेल्या आणि हिंदी शाळेत शिकणाऱ्या पोरीला लवण म्हणजे काय वाटणार? मीठ! पुस्तकात तसंच तर छापलेलं असतं. मिठात तंबू का नको, हे विचारायच्या आत गाडी वळली. आणि इथे येऊन बघते तर गवताच्या कडेकडेने जमिनीवर पांढरी रेघ! तिने लगेच चाटून पाहिली. मीठच निघालं!

"आजोबांनी सांगितलंय, मिठात तंबू नको म्हणून," ती ठासून म्हणाली.

"मिठात?" दामूकाकांनी आईकडे पाहिलं. "वहिनी, अण्णासाहेब असं म्हणाले?"

"मी सामान चढवत होते हो भाऊजी. मला काहीच ऐकू आलं नाही."

दामूकाकांनी कपाळावर हात मारला. कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथीगृहात पाहुण्यांना खोल्या वाटण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. कुणाला कुठे उतरवायचं, हा त्यांचा प्रांत! पण दर सहलीला चेतना त्यांच्या जागेत खोट काढायची. शेवटी वैतागून ते म्हणाले होते, "बरं बाई, या वेळी जागा तू निवड!" आणि शब्द म्हणजे शब्द. चेतनाने बोट दाखवलं ते गवताच्या वरच्या उतारावर. तिथे नुसते दगड!

"यार, तू पागल झालीस का?" वैभवी तिच्या कानात कुजबुजली. वैभवी तिची जिवलग मैत्रीण. पण दगडावर झोपायचं म्हटलं की मैत्रीसुद्धा जरा डळमळते.

"एक रात्र बघू," दामूकाका म्हणाले. "पाठी मोडल्या तर उद्या जेवणं झाली की सरळ खाली गवतावर. आणि जागा निवडायचं काम पुन्हा माझ्याकडे, कायमचं! मंजूर?"

"मंजूर," चेतना म्हणाली आणि दगड बाजूला सारायला लागली.

पाठी मोडल्याच! सकाळी जो तो कमरेवर हात ठेवून चहाला आला. चेतनाचा धाकटा भाऊ आशय तर काठी टेकत, वाकून चालत होता. "ताई, माझ्या पाठीवर दगडांचे ठसे उठलेत. बघायचेत?"

"नाटकं पुरे!" चेतना ओरडली.

त्यात भर म्हणून शेजारी येऊन धडकले. नोएडाच्या सेक्टरमधले सभरवाल, दोन मोटारी भरून! अख्खं मैदान मोकळं होतं. तरी त्यांनी गवताच्या वरच्या टोकाला, मंडळाच्या तंबूंना खेटूनच आपले तंबू ठोकले. यांच्या दोऱ्या त्यांच्या दोऱ्यांत! आशय दोनदा तोंडावर आपटला. गाडीतल्या टेपवर भांगडा लागला, तो एवढ्या मोठ्याने की ताटलीतला चमचा थरथरायला लागला. सभरवाल अंकलच्या कमरेला नवा पेजर होता. तो वाजला की ते सगळ्यांना दिसेल असा हात लांब करून तो वाचायचे.

"भाईसाहब, आवाज जरा कम..." दामूकाका सांगायला गेले.

"ओ जी, एंजॉय करो! पिकनिक है!" असं म्हणून अंकलनी आवाज आणखी वाढवला.

त्या गोतावळ्यात एकच माणूस गोड होतं. बीजी! अंकलची म्हातारी आई. पायाला प्लास्टर घालून त्या घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मुलांना बोलावून मूठ मूठ खुसखुशीत मठरी दिली. "पुत्तर, इस शोर से तो मेरे कान पक गए," त्या चेतनाला म्हणाल्या. त्यांनी हट्टाने आपला तंबू आवाजापासून लांब, गवताच्या अगदी मधोमध लावून घेतला होता. "अब कान में रुई डालूँगी और सो जाऊँगी!"

जेवणं झाली. दामूकाका कंबर चोळत उठले. "चला मंडळी, तंबू उपटा! त्या आजीबाईंच्या शेजारी भरपूर जागा आहे."

"काका, चहापर्यंत थांबा ना!"

"चहापर्यंत काय होणार आहे?"

चेतनाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता कोण तिला पुन्हा जागा निवडू देणार? जन्मभर सगळे तिला मीठवाली म्हणून चिडवणार! सगळ्यात वाईट म्हणजे, संध्याकाळी आजोबा आले की त्यांना तंबू नेमके मिठातच दिसणार होते!

एवढ्यात वैभवी खरकटी भांडी घेऊन तशीच परत आली. "चेतना! पाणी गायब!"

"कुठलं पाणी?"

"अगं, नाला! सकाळी आपण भांडी घासली ना, तो! सूख गया! बिल्कुल!"

चेतना, वैभवी आणि आशय, तिघं धावली. खरंच की! सकाळी खळखळणारा ओढा आता नुसत्या ओल्या गोट्यांचा उरला होता. एका डबक्यात चार मासोळ्या तडफडत होत्या.

"मॅनेजरने नळ बंद केला असेल," दामूकाका मागून येत म्हणाले.

"काका, नाल्याला नळ असतो का?" आशयने विचारलं.

"तंबू काढायच्या आत आम्ही वर बघून येतो," चेतना म्हणाली. "प्लीज, काका!"

"जा, पण लवकर या. माझी कंबर फार थांबायची नाही!"

ओढ्याच्या कडेने तिघं वर निघाली. पुढे कच्चा रस्ता आडवा आला. त्याच्या खालून ओढा सिमेंटच्या जाड नळीतून येत होता. म्हणजे यायचा! आता नळीतून थेंब पडत नव्हता. चेतना रस्त्यावर चढली आणि पलीकडे डोकावली.

"अरे बापरे!"

पलीकडे तळंच साचलं होतं. नळीच्या तोंडाशी कोल्ड ड्रिंकचे क्रेट एकावर एक रचलेले, आणि ते हलू नयेत म्हणून फटींत गोणपाट कोंबलेले. वर एक पट्ट्यापट्ट्यांची सतरंजीसुद्धा!

"ही सतरंजी सभरवाल अंकलच्या गाडीच्या टपावर होती!" वैभवी ओरडली.

"फ्रिज केलाय त्यांनी! फुकटचा!" आशयला हसूच आवरेना.

चेतना हसली नाही. अडलेलं पाणी स्वस्थ थोडंच बसणार? काठावरून ओसंडून ते एका जुन्या ओघळीत शिरलं होतं आणि झुडपांमधून खाली धावत होतं. कुठे? तिची नजर पाण्यामागोमाग गेली. ते थेट हिरव्या गवताकडे निघालं होतं! त्या पांढऱ्या रेघेच्या आत!

"बीजी!" चेतना किंचाळली. "बीजी तिथे झोपल्यात! कानात कापूस घालून!"

तिघांनी क्रेट ओढून पाहिले. पाण्याच्या दाबाने ते घट्ट बसले होते. मोठी माणसंच हवी होती. तिघं वाऱ्यासारखी खाली सुटली.

सभरवाल अंकल आणि त्यांचे भाऊ वरच्या झाडाखाली पत्ते कुटत होते. भांगडा चालूच.

"अंकल! पानी आ रहा है! बीजी के टेंट में!"

"पानी? अक्टूबर में?" अंकलनी पत्त्यांतून मान वर काढली नाही. "जाओ बेटा, खेलो."

"अंकल, सच्ची!"

"देखती नहीं, बड़े लोग खेल रहे हैं?"

चेतनाने पाय आपटला. असल्या माणसाला उठवायचं कसं? आईसाठी उठत नाही, तर मग कशासाठी उठेल? तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती वैभवीच्या कानाला लागली. वैभवी शाळेच्या नाटकातली पट्टीची रडकी राणी. तिने असा काही टाहो फोडला की भांगडाही फिका पडला!

"अंकलजीऽऽ! आपके क्रेट पर बंदर! सारी बोतलें ले जा रहे हैं!"

"क्याऽऽ?" पत्ते उधळले! अंकल उठले, भाऊ उठले, चपला घालायचंही कुणाला सुचलं नाही. "कहाँ? कहाँ?"

"पहले क्रेट बाहर निकालो! जल्दी!" वैभवी पुढे पळत सुटली आणि पाच धिप्पाड माणसं तिच्या मागे.

"आशय, दामूकाकांना आण! आईलाही!" एवढं बोलून चेतना गवताकडे धावली.

तंबूत पाणी शिरलंच होतं. बीजींच्या चपला तरंगत दारापर्यंत आल्या होत्या. बीजी खाटेवर गाढ झोपलेल्या आणि त्यांचा प्लास्टरचा पाय पाण्यापासून चार बोटांवर! चेतनाने त्यांना गदागदा हलवलं.

"बीजी! उठिए! पानी!"

बीजींनी कानातला कापूस काढला, खाली पाहिलं आणि चेतनाचा हात घट्ट धरला. "हाय रब्बा!" त्यांचा आवाज कापत होता. "बेटी, मैं तो चल भी नहीं सकती! मुझे छोड़ना मत!"

"नहीं छोड़ूँगी," चेतना म्हणाली. तिलाही भीती वाटत होती, पण तिने हात सोडला नाही. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं. मग दारात दामूकाका दिसले आणि तिच्या जिवात जीव आला.

काकांनी आणि आईने बीजींना अलगद घडीच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली.

"आई गं, माझी कंबर!" काका कण्हले.

"काका, कंबर नंतर!" आशय ओरडला.

चिखल तुडवत, घसरत, एकमेकांना सावरत सगळे दगडांच्या उतारावर पोचले. प्लास्टरला पाणी लागलं नव्हतं! तेवढ्यात वरून भडाभडा आवाज आला. क्रेट निघाले, नळी मोकळी झाली आणि ओढा फेसाळत आपल्या जुन्या वाटेला लागला.

खाली मात्र गवताचं तळं झालं होतं. सभरवालांचे तंबू आडवे पडले होते, गाद्या तरंगत होत्या. अंकल खांद्यावर क्रेट घेऊन नखशिखांत भिजून परतले. आधी त्यांनी पाणी पाहिलं. मग उतारावर चेतनाच्या आईने दिलेला चहा पिणाऱ्या बीजी दिसल्या. क्रेट धपकन खाली आला.

"बीजी, मैंने तो सोचा..."

"तेरी बोतलें ठंडी हो गईं ना, पुत्तर?" बीजी कडाडल्या. "माँ भी हो जाती! इस बच्ची के पैर छू!"

अंकल खरोखरच वाकायला लागले, तेव्हा चेतना घाबरून आईमागे लपली. आईने तिला पोटाशी धरलं. आता कुठे चेतना रडली, हसली, पुन्हा रडली. दामूकाका मात्र खालच्या पाण्याकडे बघत उभे होते.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "या पोरीने हट्ट केला नसता तर आपण सगळे आत्ता तिथे असतो."

संध्याकाळी बाबा आणि आजोबा पोचले. आजोबांनी खाली नजर टाकली मात्र, मांडीवर थाप मारली. "बघा! म्हणून सांगितलं होतं, लवणात तंबू नको!"

"लवणात?" दामूकाका उडालेच. "अहो, ही तर आम्हाला मिठात नको म्हणाली!"

आजोबा असे हसले, असे हसले की त्यांना ठसकाच लागला. "अगं वेडाबाई, लवण म्हणजे सखल जागा! डोंगराच्या उतरणीला खोलगट जमीन असते ना, पाणी वाहून येतं ती!"

सगळ्या उतारावर हशा पिकला. चेतनाचे कान लाल झाले. "म्हणजे मी चुकलेच," ती पुटपुटली.

आजोबा सावकाश खाली उतरले, पांढऱ्या रेघेजवळ उकिडवे बसले आणि चिमूटभर माती उचलून त्यांनी जिभेवर ठेवली. "खारट आहे की गं!" ते वरती ओरडले. "इथे दरवर्षी पाणी साठतं, आटतं आणि मागे खार ठेवून जातं. तुझं लवण आणि माझं लवण एकाच जागी निघालं! चूक कसली? शाबास!"

कोल्ड ड्रिंकच्या बाटल्या सगळ्यांना वाटल्या गेल्या, आणि खरं सांगायचं तर त्या छान गार झाल्या होत्या! सभरवालांनी आपले तंबू आता दगडांवर आणले. पुन्हा मंडळाला खेटून!

"अंकल, रस्सी उधर!" चेतनाने हात कमरेवर ठेवून फर्मावलं. "और टेप बंद!"

"जी मॅडम!" म्हणत अंकलनी मुकाट्याने खुंट्या उपटल्या. बीजी खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होत्या.

"मंडळी," दामूकाका म्हणाले, "नाताळात पुन्हा कॅम्प काढायचाय. जागा कोण निवडणार?"

"चेतना!" सगळे एकदम ओरडले. आशयचा आवाज सगळ्यांत मोठा.

"मी निवडेन," चेतना म्हणाली. "पण आधी आजोबांना विचारून. आणि मग चाटून!"