सुलतानबीच्या मरणाची नोंद

"कारकूनसाहेब, नीट बघा की! मी मेलेली दिसतेय व्हय?"

खिडकीपलीकडून सुलतानबी ओरडली आणि पेन्शन कचेरीतल्या बाळासोंच्या हातातली लेखणी थांबली.

गोष्ट १९१९ सालची. पुढे कितीतरी वर्षे बाळासो ती सांगत. सांगताना त्यांना कचेरीसमोर चिंचेखाली बसलेले पलटणीतले म्हातारे दिसत. त्यांच्या छातीवरचे बिल्ले दिसत आणि नाव पुकारताच "हजर!" म्हणून ठोकलेला सलाम ऐकू येई. त्या खिडकीत बसणे हा मान होता, आणि तोच जायची वेळ आली होती.

सुलतानबीचा नवरा मेसोपोटेमियाच्या लढाईत कामी आला होता. दर तिमाहीला ती सासूसोबत कळंब्याहून चालत येई. आजही सासू नजीराने कमरेच्या बटव्यातून पेन्शनची चोपडी काढून पुढे केली. पण वहीत सुनेच्या नावापुढे 'मयत' असे लिहिलेले होते. कळंब्याच्या पाटलाच्या नावाने टपालाने आलेल्या पत्रावरून बाळासोंनीच ते लिहिले होते.

"म्हंजे पेन्शन कायमची बंद झाली न्हवं?" नजीराने हळूच विचारले. बाळासोंना म्हातारीची कीव आली.

पाटलांनी कानावर हात ठेवले. कचेरीच्या साहेबांनी पत्र कुणाचे ते शोधायला बाळासोंना आठ दिवसांची मुदत दिली. नाहीतर नोकरी गेली.

बाळासो तडक शाहूपुरीत गणपतरावांकडे गेले आणि खिडकीतला प्रकार शब्दन् शब्द सांगितला. हे निवृत्त फौजदार आता खासगी तपास करत. त्यांनी पत्र मोठ्याने वाचले. "'नंबर ३७१. आमची लेक सुलतानबी तापाने वारली.' बाळासो, वहीत नंबर काय आहे?"

"३१७." बाळासो ओशाळले. "चोपडीवर माझ्याच हातून ३७१ पडलाय. दुरुस्त करायचा राहिला."

"उत्तम चूक केलीत," गणपतराव म्हणाले. बाळासोंना काही कळले नाही.

दोघे आधी सुलतानबीच्या दिराकडे गेले. इलाही कापूस पिंजत होता.

"वहिनी मेली तर पेन्शन मला थोडीच मिळतीया?" तो म्हणाला. "आन् मला लिवायबी येत न्हाय. उलट गडहिंग्लजचं चांगलं स्थळ आलंय, फक्रुद्दीन विणकराचं. पण दुसरं लगीन केलं की पेन्शन बंद. वहिनी म्हणती, मग अम्मा काय खाईल? मी पोसतो म्हटलं, तर ऐकंना."

पोस्टाबाहेर अर्ज लिहिणाऱ्या ज्ञानूने पत्र ओळखले. "एका बाईनं लिवून घेतलं. तोंड झाकलेलं होतं. चोपडी दाखवून नंबर उतरवायला लावला. आन् लिवताना रडत हुती."

"मग सुलतानबीच!" बाळासो वाटेत म्हणाले. "लग्नासाठी!"

"लग्न करायचं असतं तर केलंच असतं की. खिडकीत येऊन ओरडली कशाला?"

कळंब्याला अंगणात सासू-सून भाकऱ्या थापत होत्या. गणपतराव ओट्यावर बसले.

"चुकीचा नंबर फक्त चोपडीवर होता, म्हणजे पत्र कचेरीतून निघालेलं नाही," ते म्हणाले. "चोपडी बटव्यात असते. गावचा पाटील कुणाच्या सुनेला 'आमची लेक' म्हणेल का? आणि सून मेल्याची नोंद ऐकून, कुणी केली असं एका माणसानं विचारलं नाही. पेन्शन बंद झाली का, एवढंच विचारलं. फायदा मात्र कुणालाच नव्हता. म्हणजे हे काम मायेचंच. नजीराबी, खरं ना?"

म्हातारीने पिठाचे हात पदराला पुसले.

"व्हय. मीच. माझा लेक गेला. ही माझ्यासाठी जलमभर चूल फुंकत बसणार. पेन्शनच ऱ्हायली न्हाय तर जाईल असं वाटलं. मेली म्हणून लिवून घेताना जीभ कशी झडली न्हाय माझी!"

सुलतानबी तव्यावरची भाकरी विसरली. "तुला टाकून मी जाईन असं वाटलंच कसं, अम्मा?" ती सासूच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. बाळासोंना कुठे बघावे ते कळेना.

साहेबांनी म्हातारीला समज देऊन सोडले. बाळासोंनी 'मयत' खोडले.

पुढच्या तिमाहीला सुलतानबी हिरव्या बांगड्या घालून खिडकीत आली. "आता वहीतनं नाव काढा, कारकूनसाहेब. लगीन झालं."

बाळासो दारापर्यंत तिच्यामागे गेले. बाहेर बैलगाडीत बोचकी आवळून नजीरा बसली होती. फक्रुद्दीन गाडीवर चढला, मागे वळला आणि म्हणाला, "अम्मा, तिथं ऊन लागतंय तुमास्नी. हिकडं माझ्याजवळ सरका."