पडलेल्याची सूचना येत नाही

कझाक माळावरच्या त्या रडार केंद्रात दुपारचा चहा रौशनच ओतायची. वाडग्यात दूध घातलेला घोटभर चहा. तो संपला की पुन्हा घोटभर. काठोकाठ भरलेला वाडगा पुढे ठेवणं म्हणजे पाहुण्याला ‘उठा आता’ सांगणं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. गेले अकरा महिने ती केंद्रप्रमुख सागिंदिकला असा मानाचा चहा देत होती, राग गिळून.

आभाळात फिरणाऱ्या भंगाराच्या प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक असतो. तुकडा खाली आला की त्यापुढे ‘पडले’ असा शेरा मारायचा. एकदा शेरा मारला की यंत्र त्या क्रमांकाची सूचना देत नाही, मग तो समोर दिसत असला तरी. ४१७०६ ही रॉकेटची जुनी टाकी. अकरा महिन्यांपूर्वी सागिंदिकने घरी जायच्या घाईत, गणित न पाहताच, ती समुद्रात पडल्याचा शेरा आदल्या दिवशीच मारून टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन बेचाळीसला टाकी माळावर कोसळली. गुराख्यांना सूचना गेलीच नाही. रौशनचा नवरा जानिबेक तिथे घोडे वळत होता.

चौकशीच्या कागदावर आलं, ‘त्या दिवशी काहीही पडले नाही.’ जानिबेकला म्हणे घोड्याने पाडलं. जो चालायला शिकायच्या आधी घोड्यावर बसला, त्याला!

रौशनला त्या नोंदीतली फक्त तारीख बदलून हवी होती. बाकी काही नको होतं.

सोमवारी तीन बेचाळीसला पडद्यावर ठिपका उमटला. क्रमांक ४१७०६. उंची नव्वद किलोमीटर.

“दोन तुकडे जवळून गेले की यंत्र क्रमांकांची अदलाबदल करतं,” सागिंदिक म्हणाला. “चौदा वर्षं झाली तुला इथे. हे पण मीच शिकवायचं का?”

“जवळपास दुसरा तुकडा नाही, साहेब. आणि इतकं खाली आलेलं काही दुसरी फेरी मारत नाही.”

“मग नाही मारणार. झालं?”

मंगळवारी साठ. बुधवारी तीस. वेळ तीच. यंत्र गप्प. रौशनने ठिपक्याचा आकार काढला. टाकी सात मीटरची होती. ठिपका एक मीटर ऐंशीचा निघाला. तिने पुन्हा मोजलं, मग आणखी एकदा. जानिबेक तेवढाच उंच होता.

गुरुवारी तिने चहाचं तबक ठेवलं आणि शेजारी नोंदवही उघडून ठेवली.

“तारीख बदला.”

“काय वेड लागलंय तुला? पडलेली वस्तू पुन्हा पडत नसते.”

“तुमच्या घाईपायी माझा माणूस गेला. आणि वर त्यालाच कच्चा स्वार ठरवलंत! जनाची नाही, मनाची तरी लाज बाळगा.”

“आवाज खाली. सही केली तर माझी नोकरी जाईल, कळतंय?”

तीन बेचाळीस. उंची शून्य.

कुठेच आवाज झाला नाही. खिडकीबाहेर धूळही उडाली नाही.

केंद्रापासून अंतर चारशे मीटर. हे रडार आभाळाकडे तोंड करून उभं आहे. जमिनीवरचं त्याला काही दिसत नाही.

तीनशे ऐंशी. तीनशे साठ. वेग माणसाच्या चालीचा.

“बंद कर ते,” सागिंदिक पुटपुटला.

“तारीख.”

त्याने पेनकडे पाहिलं. उचललं नाही.

दोनशे. नव्वद.

फाटकाशी बांधलेला पहारेकऱ्याचा घोडा खिंकाळला. बिथरून नव्हे, ओळखीचं माणूस दिसल्यावर खिंकाळतो तसा.

चाळीस.

रौशन उठली. तिने तिसरा वाडगा पुसून दाराजवळच्या खुर्चीपुढे ठेवला आणि त्यात घोटभर चहा ओतला. मग तिने सागिंदिकचा वाडगा उचलला. तिने तो काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.