चोवीस तोळ्यांमागे एक

केदारशेठ आले होते चोरीची तक्रार घेऊन, पण सुरुवात केली नफ्यापासून. भरमा हवालदाराला त्यात वावगं वाटलं नाही. बेळगावच्या पोलिसांतून निवृत्त झाल्यापासून तो रोज सकाळी मारुतीरावांकडे चहाला येई, आणि चहासोबत चांगली बातमी त्याला चाले.

शेठ शहापूरचे. विणकरांना रेशीम द्यायचं, लुगडी विणून घ्यायची आणि निजामाच्या मुलखात, गुलबर्ग्याकडे विकायची, हा त्यांचा धंदा. तिकडे पैसे मिळत ते निजामाच्या हाली रुपयांत. इकडे चाले तो इंग्रज सरकारचा कळदार. एरवी शंभर कळदारांना एकशे सोळा हाली पडत. यंदा दसऱ्याच्या सुमारास भाव एकशे वीसवर गेला होता.

"मी हाली विकलेच न्हाईत," शेठ म्हणाले. "होते न्हवते ते कळदार मुंबईच्या रेशमात घातले आणि थांबलो. दिवाळीनंतर भाव उतरला, तसा सगळा गल्ला एका दिवसात बदलून घेतला."

"आणि चोरी?" मारुतीरावांनी विचारलं. जकात नाक्यावर उमेदीची वर्षं काढून हा माणूस आता खाजगी तपास करी. बोले कमी.

शेठांचा चेहरा उतरला. दसऱ्याला दिलेलं रेशीम दिवाळीनंतर लुगड्यांत पुरतं परत आलं नव्हतं. सोनाबाईला अठ्ठेचाळीस तोळे दिलं, शेचाळीस आलं. मष्णूला खणांसाठी चोवीस दिलं, तेवीस आलं. शहापूर सांगली संस्थानात, तेव्हा बेळगावच्या पोलिसांचा तिथं हात पोचत नव्हता, आणि शेठना सांगलीपर्यंत बोभाटा नको होता. सोमवारी देवळात विणकर जमतील, तिथं ते दोघांची नावं घेणार होते. त्यानंतर कुठलाच व्यापारी त्यांच्या हाती धागा देणार नव्हता.

"चोरलेलं रेशीम कुणाला विकलं, तेवढं शोधून द्या."

"वजन कशानं करता?"

"आमच्या वडलांची रीत हाय. पितळेची वजनं घासून खोटी करता येतात. रुपया म्हंजे बरोबर तोळा. पेटीतले रुपये पारड्यात टाकायचे, झालं."

दुपारी मारुतीराव आणि भरमा शहापुरात पोचले. सोनाबाईचा माग रिकामा होता. ती मागाच्या खड्ड्याशी बसून दोऱ्या घट्ट करत होती; करायला दुसरं काही नव्हतं. भरमानं खाकरून, जुन्या सवयीनं, खरं सांगितलंस तर सुटशील, असं सुनावलं.

"कशातनं सुटू, हवालदार? तुटके धागेबी पुडीत बांधून परत दिलेत मी. पुडी धरूनच तोललं त्यांनी." तिनं दोरीला पीळ दिला. "दसऱ्याला मजुरी मागितली, तर मुनीम म्हणाले, पेटीत हितं चालणारा एक रुपाया न्हाय, दिवाळीला घ्या. तरी माग थांबवला न्हाय मी."

भरमानं मारुतीरावांकडे अर्थपूर्ण पाहिलं. मजुरी अडली, म्हणून रेशीम काढलं. सरळ होतं.

मष्णू मात्र हसतच बाहेर आला. एक तोळा रेशीम चोरून काय बैलाला गोंडा करू, असं त्यानं विचारलं. आणि मला बैल तरी कुठं हाय, अशी पुस्ती जोडली. हसणं संपल्यावर त्यानं हळूच विचारलं, की सोमवारचं खरंच ठरलंय का. त्याच्या शेजारच्या जयाबाईनं दिवाळीनंतर रेशीम नेलं होतं. तिचं लुगडं मात्र गुंजभरही कमी भरलं नव्हतं.

राहिला शेठांच्या पेढीवरचा मुनीम नागोजी. रेशीम देताना तोच तोले आणि घेतानाही तोच, त्यामुळे भरमाचा संशय आता त्याच्याकडे सरकला. नागोजीनं आधी रिकामी पारडी उचलून दाखवली. काटा मधोमध उभा राहिला.

"चारचौघांत तोलतो, रुपये मोठ्यानं मोजतो," तो म्हणाला. "पेटीत असतील ते घेतो. त्यात लबाडी कुठं करणार?"

बाहेर पडल्यावर भरमा म्हणाला, "राव, तिघं मिळालेत."

"तिघं मिळून चोरतील, तर त्रैराशिक मांडून चोरतील का, भरमाण्णा? अठ्ठेचाळीसाला दोन, चोवीसाला एक." मारुतीराव सराफाच्या दुकानात शिरले आणि एक लहानशी थैली घेऊन आले. भरमानं पुष्कळ विचार केला. त्याला काही सुचलं नाही.

संध्याकाळी शेठांच्या पेढीवर तराजू टांगला होता. मारुतीरावांनी पेटीतले तेवीस कळदार एका पारड्यात ठेवले. दुसऱ्यात थैलीतले चोवीस रुपये मोजून टाकले. काटा मधोमध थांबला.

थैलीतले रुपये चारमिनार छापाचे होते.

"हाली," मारुतीराव म्हणाले. "कळदार तोळाभर भरतो, हाली थोडा हलका. चोवीस हालींचं वजन तेवीस कळदारांएवढं. शेठ, तुम्हीच सांगितलंत, भाव उतरेपर्यंत कळदार रेशमात गेले होते. सोनाबाईला मजुरी मिळाली नाही, कारण पेटीत इथं चालणारा रुपया नव्हता. मग त्या दिवशी पारड्यात काय पडलं?"

नागोजी खाली बसला. "हाली," तो पुटपुटला. "वजनाला काय, रुपाया तो रुपाया, असं वाटलं."

"देताना हालीनं तोललं, घेताना कळदारानं. जयाबाईच्या वेळी दोन्हीकडे कळदारच होते, म्हणून तिचं जमलं. चोरी झालीच नाही. सोनाबाईला मुळात शेचाळीस तोळेच दिलेत, तेवढेच परत आले."

शेठांनी एक हाली आणि एक कळदार उचलून दोन तळहातांवर तोलून पाहिले. मग म्हणाले, उद्या गुपचूप दोघांकडे रेशीम पाठवतो.

"नावं देवळात घेणार होता ना?" मारुतीराव म्हणाले. "बोलायचं तेही देवळातच बोला."

सोमवारी शेठ उभे राहिले. पेटीची चूक झाली, असं त्यांनी सांगितलं. मागून मष्णू म्हणाला, "पेटीची का पेटीवाल्याची, शेठ?" सगळे हसले. शेठही ओशाळून हसले आणि म्हणाले, "माझी रं बाबा, माझी."

सोनाबाई हसली नाही. "रेशीम न्यायला मी यायची न्हाय," ती म्हणाली. "तुम्ही आणायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरमा मुद्दाम त्या गल्लीतून गेला. केदारशेठ काखेत गाठोडं घेऊन तिच्या उंबऱ्याशी उभे होते. तिनं गाठोडं घेतलं, शेठना बसायला पाट दिला आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.