दोन गुणांचा फरक

गणित शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. आकड्यांच्या बाबतीत मला कोणी गंडवलेलं चालत नाही, म्हणून आधी आकडेच सांगते. सामना सकाळी सव्वादहाला सुरू झाला. पहिला सेट ढमी हरली, दुसरा जिंकली, तिसऱ्यात सहा-सहा झाले आणि टायब्रेक लागला. तेव्हा दीड वाजला होता. तिथवर माझी वही आणि पंचांचा कागद तंतोतंत जुळत होते.

ढमी म्हणजे माझी मुलगी. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ढमी. आता एकोणतीस वर्षांची, नुसती काठी. टेनिस हाच तिचा धंदा, असं सांगितलं की लोकांना टीव्हीवरचं टेनिस आठवतं. हे ते नव्हे. क्रमवारी सातशेच्या घरात, गावाबाहेरचं मैदान, लाल मातीची चार कोर्टं आणि आमच्या कोर्टाला प्रेक्षक एकच, ती म्हणजे मी.

आदल्या दिवशी बसमध्ये तिनं सांगून टाकलं होतं, "आई, उद्या हरले तर संपलं. बॅग उचलायची आणि तुझ्याबरोबर घरी." मी तोंडानं "बघू" म्हटलं, पण खोटं कशाला बोलू? मला मनातून बरं वाटलं. तिच्या उजव्या गुडघ्यात दोनदा इंजेक्शनं झाली होती. सणासुदीला सोडाच, साध्या रविवारीही ती जेवायला समोर नसायची. मला माझी पोर घरी हवी होती.

सामन्याआधी तिच्या तिन्ही रॅकेटच्या मुठींना मी नवी पट्टी गुंडाळली. हे काम पहिल्यापासून माझं. मी डावरी, त्यामुळे पट्टी उलटी बसते, सगळ्या जगाच्या विरुद्ध दिशेनं. तिचे कोच हसायचे. पण ढमीचा हात उलट्या पट्टीला असा सरावलाय की सुलटी तिला टोचते.

समोरची पोरगी कोण कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. ढमीसारखीच उंच, तसाच पांढरा शर्ट, टोपी डोळ्यांवर ओढलेली. एकटीच आली होती. बॅग नाही, पाण्याची बाटली नाही, हातात एकच रॅकेट.

टायब्रेक सात गुणांचा असतो, पण जिंकायला दोन गुणांचा फरक लागतो. नसेल तर खेळ पुढे चालू. आणि दर सहा गुणांनी खेळाडूंनी बाजू बदलायची.

सात-सहा झाले, समोरच्या पोरीच्या बाजूनं. आणखी एक गुण की खेळ खलास. मी मनातल्या मनात म्हटलं, 'हर बाई एकदाची.' आईला शोभत नाही, पण म्हटलं. ढमीचा चेंडू चांगला हातभर बाहेर चालला होता. मी वही मिटायलाही घेतली. चेंडू आत पडला. वारा असेल, म्हटलं.

मग एकोणीस-एकोणीस. चोवीस-चोवीस. एकेका गुणाला शंभर-सव्वाशे फटके. दोघींपैकी कुणीच चूक करेना. बाकीच्या कोर्टांवरचे सामने आटपले, माळ्यानं तिकडची जाळी सैल केली. तीन वाजता ढमीच्या बाबांचा फोन आला.

"काय झालं गं?"

"चालू आहे अजून."

"दोन वाजताही हेच म्हणालीस."

"मग काय करू, मध्ये जाऊन उभी राहू?" मी फोन ठेवला.

सर्व्हिसच्या आधी ढमी रॅकेट डाव्या बुटावर दोनदा आपटते आणि खांद्याला नाक पुसते. घाणेरडी सवय, कितीदा सांगितलं. आता समोरची पोरगीही तेच करायला लागली. चिडवायला करत असेल, म्हटलं. खेळात असले चाळे चालतात. मग ढमीचा गुडघा धरला आणि ती लंगडायला लागली. दोन गुणांनी समोरचीही लंगडायला लागली. उजवाच पाय.

इतकी नक्कल कुणी करत नाही.

एकदा बाजू बदलताना दोघी जाळ्याच्या खांबापाशी समोरासमोर आल्या आणि थबकल्या. फार जवळ होत्या. मी वहीत आकडा लिहायला खाली पाहिलं. वर पाहिलं तोवर दोघी आपापल्या जागी गेल्या होत्या. लाल मातीनं आणि घामानं दोन्ही तोंडं सारखीच माखलेली.

अडतीस-अडतीसला पंच उंच खुर्चीवरून माझ्याकडे वाकले.

"बाई, तुमची कुठली?"

"मस्करी करता का राव?"

"नाही हो. खरंच विचारतोय."

मी बोट दाखवायला हात उचलला. तो तसाच राहिला. पोटच्या पोरीला ओळखायला आईला वेळ लागतो का? मला लागला. शेवटी "अलीकडची" म्हटलं. अंदाजानं.

"मीही तिलाच धरून चाललोय," ते म्हणाले आणि सरळ बसले.

मी वही उघडली. दोन रकाने होते. दोन्हींच्या डोक्यावर 'ढमी' लिहिलेलं होतं. अक्षर माझंच.

"ढमे!" मी ओरडले.

दोघींनी वळून पाहिलं.

साठ-साठ. एकसष्ट-साठ. मग एक चेंडू जाळ्यात गेला आणि पंच काहीतरी पुटपुटत खाली उतरले. साडेपाच वाजले होते.

एकीनं हात वर केले. ती तडक माझ्याकडे आली, आमची बॅग खांद्याला लावली. "आई, जिंकले गं! चल." आवाज तिचाच. दुसरी कुंपणाला धरून उभी होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "हरले. घरी जाऊया?"

उन्हानं चक्कर आलेली पोर, कुणालाही आई म्हणेल, अशी मी मनाची समजूत घातली. बॅग आमची होती. मी बॅगेच्या मागे गेले. फाटकाशी एकदा वळून पाहिलं. ती तिथंच होती, रॅकेट नसलेल्या हातानं खांद्याला नाक पुसत.

लॉजवर पोचेपर्यंत साडेसात झाले. ती आंघोळीला गेली. उद्या दुसरी फेरी, म्हणून मी पट्ट्या बदलायला रॅकेट काढल्या. दोन रॅकेटच्या मुठी माझ्या, उलट्या. तिसरी, जिच्यानं ती दिवसभर खेळली, सुलटी.

गडबडीत अदलाबदल झाली असेल. मी दारातूनच विचारलं, "अगं, आज खेळलीस ती मूठ टोचली नाही का तुला?"

"नाही गं, मस्त होती. त्या दुसऱ्या दोन बघ ना, कुणी उलट्या गुंडाळल्यात कोण जाणे."

फोन वाजला. तिचे बाबा.

"अगं, आहेस कुठं तू? ढमी मघाशीच आली."

मी न्हाणीच्या दाराकडे पाहिलं. आत नळ चालू होता.

"हरली म्हणे. बॅग नाही, हातात एकच रॅकेट, तशीच आलीय. वाढलंय मी तिला. रडत नाही, काही नाही." त्यांनी आवाज बारीक केला. "नुसतं एकच सांगते, आईला हाक मारली, आईनं वळून बघितलं आणि गेली निघून. असं केलंस तू?"

आतला नळ बंद झाला.

"आई, कुणाचा फोन?"

मी फोन छातीशी धरला. माझ्या मांडीवरची सुलटी मूठ अजून घामानं ओली होती.